घरगुती वापरासाठी

लॅपटॉप घ्यायला आम्ही तिघं गेलो, तेव्हा दुकानातल्या विक्रेत्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "वापर कशासाठी?" लेकीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. शेवटी मीच म्हटलं, "घरगुती." ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. पण त्या लखलखीत दुकानात, चार परक्या माणसांसमोर, माझ्या नवऱ्याचा आवाज काढून टाकणार आहेत हे सांगायला जीभ रेटेना.

यांच्या घशात गाठ होती. ती बसली होती नेमकी स्वरयंत्रावर. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं, की गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागेल. माणूस वाचेल, खाईल, पिईल, हिंडेल, फिरेल. फक्त बोलणार नाही. ऑपरेशन पंधरवड्यावर आलं होतं.

दुसरं कुणी असतं तर एक वेळ समजूत घातली असती. पण आमच्या ह्यांचं पोटच आवाजावर. मोठ्या बसस्थानकावर हे उद्घोषक. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठलीला उशीर आहे, कुणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं सांगायचं काम. ड्रायव्हर लोक यांना 'भोंगा' म्हणतात. चिडवून नव्हे, कौतुकानं. यांचा आवाज ऐकला की धावणारा माणूस चालायला लागतो, असं तिथले हमालसुद्धा सांगतात. मी स्वतः तिथं उभं राहून तो आवाज ऐकलाय आणि शेजारच्या बाईला सांगितलंय, की हा आमचा.

लॅपटॉपचं हॉस्पिटलातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी सुचवलं. त्या म्हणाल्या, "महागडा घेऊ नका. साधा, घरात वापरतात तसला पुरतो. ऑपरेशनच्या आधी यांच्याच आवाजात रोजची वाक्यं त्यात भरून ठेवा. नंतर बटण दाबलं की यांचाच आवाज ऐकू येईल. फक्त माइक आणि स्पीकर तेवढा नीट बघून घ्या." मला त्या बाईंचा राग आला होता. आवाज काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला? पण दुसरा इलाज नव्हता, आणि राग धरून बसायला वेळही नव्हता.

तर दुकान. विक्रेता चाळिशीचा, गळ्यात टाय, बोलणं अगदी तुपात घोळलेलं. त्यानं आम्हाला थेट सगळ्यात वरच्या रांगेकडं नेलं. "पुढच्या पाच वर्षांचा विचार करा, मॅडम," तो म्हणाला. आम्ही पुढच्या पंधरा दिवसांचा विचार करत होतो. मी म्हटलं, "आम्ही अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसं. खालची रांग दाखवा."

लेक एका कंपनीत हिशेब बघते, त्यामुळं तिची चौकशी आधीच पक्की होती. "गेम खेळायचे नाहीत, सिनेमे कापायचे नाहीत," तिनं सांगून टाकलं. "आठ जीबी रॅम, एसएसडी, बॅटरी दिवसभर टिकणारी, बटणं मोठी आणि मऊ. बाबांना नवं शिकायचंय, त्यामुळं लवकर सुरू होणारा हवा. बाकी झगमगाट नको." विक्रेत्याचा चेहरा जरा पडला, पण माणूस कामाचा निघाला. बघता बघता त्यानं खालच्या रांगेतले दोन समोर आणून ठेवले. एक काळा, जाडसर, प्लॅस्टिकच्या झाकणाचा. दुसरा राखाडी, थोडा महाग, थोडा सडपातळ. आतलं सामान म्हणे दोघांचं जवळपास सारखंच.

"माइक?" हे पहिल्यांदा बोलले.

माइक तपासायची यांची एक रीत आहे. हे कधी 'हॅलो हॅलो' करत नाहीत, त्याला हे पोरखेळ म्हणतात. माइकपासून हातभर मागं सरायचं, हनुवटी जराशी खाली, आणि चार शब्द म्हणायचे : फलाट, भाडं, धक्का, खिडकी. असल्या अक्षरांना तोंडातून वारा सुटतो आणि वाईट माइक त्या वाऱ्यानं फटफटतो. यांनी दोन्ही लॅपटॉपांसमोर ते चार शब्द म्हटले आणि लेकीनं वाजवून दाखवले.

काळ्यातून यांचा आवाज आला, पण एकटा आला नाही. दुकानातल्या एसीची घरघर, काउंटरवरच्या छपाई यंत्राची खरखर, कुणाच्या तरी पोराचं खोकणं, सगळी वरात घेऊन आला. राखाडीतून मात्र फक्त हे आले. स्वच्छ, खणखणीत, जणू दुकानात दुसरं कुणी नव्हतंच. दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. विक्रेता म्हणाला, "सर, तुमचा आवाज मी कुठंतरी ऐकलाय."

"गाडी चुकली असेल कधी तुमची," हे म्हणाले आणि हसले. त्या महिन्यात पहिल्यांदा हसले.

राखाडी घेतला. खोटं कशाला बोलू, मलाही तोच आवडला होता.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत रेकॉर्डिंगला बसलो. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मला माझं शिलाई मशीन थांबवायला लावलं. मी घरीच कपडे दुरुस्तीचं काम करते, पँट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर, त्यामुळं आमच्या घरात मशीनचा आवाज सकाळी सुरू होतो तो दिवेलागणीला थांबतो. त्या दिवशी घर इतकं शांत होतं की मला अवघडल्यासारखं झालं. यांनी कॉलरचं बटण लावलं. ताठ बसले. "मला पाणी द्या. मला भूक लागली आहे. औषधाची वेळ झाली. कृपया खिडकी उघडा." एकही अक्षर अडखळलं नाही. घसा दुखत होता तरी नाही. लेकीच्या डोळ्यात पाणी आलं. "बाबा, काय सुरेख आलंय," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला रडू यायला हवं होतं, ते येईना. काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. दुपारी लेकीनं सगळं परत वाजवलं तेव्हा सापडलं. 'मला पाणी द्या.' हा माणूस जन्मात मला 'पाणी द्या' म्हणालेला नाही.

घरातला यांचा आवाज निराळाच आहे. घरी आले की हे आवाजही चपलांबरोबर दाराशी काढून ठेवतात. पुटपुटतात. निम्मं वाक्य बोलतात, निम्मं गिळतात. "अगं, ते... कुठं गेलं ते..." एवढ्यावर मी चष्मा नेऊन द्यायचा. मी मशीनवर, हे मागच्या खुर्चीत पेपर घेऊन, आणि मशीनच्या आवाजाखालून यांची कुरकुर चाललेली. पेपरवाल्यांवर, साहेबांवर, माझ्या चहावर. उभा संसार मी तो आवाज पाठीनं ऐकला. आणि इथं तर बरणीत भलतंच भरलं होतं. फलाटावरचा आवाज सगळ्यांचा होता. माझा त्यात कुठंच नव्हता.

"अहो, घरातल्यासारखं बोला की जरा," मी म्हटलं.

यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पण माइक दिसला की यांची हनुवटी आपोआप खाली आणि पाठ आपोआप ताठ. "अगं, ऐकलंस का?" असं म्हणाले, तर प्रत्येक अक्षराला इस्त्री. मला हसू आलं आणि मग हसता येईना. दोन दिवस मी मागं लागले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी लेकीला सांगितलं, की कोपऱ्यात लॅपटॉप नुसता चालू ठेव, बोलू नकोस. मी मशीनवर बसले. हे पेपर घेऊन बसले आणि तासभर नेहमीसारखी कुरकुर केली. मी मुद्दाम उत्तरं देत गेले. हे आत आंघोळीला गेल्यावर आम्ही मायलेकींनी ते वाजवलं. यांचं काहीच नाही. माझी उत्तरं तेवढी होती, यांच्या जागी नुसती शांतता, मधूनच एखादं तुटलेलं अक्षर, परत शांतता. लेकीनं सेटिंगमध्ये जाऊन होतं नव्हतं ते सगळं बंद करून पाहिलं, परत करून पाहिलं, तेच. शेवटी तिनं विक्रेत्याला फोन लावला. तो अभिमानानं म्हणाला, "तीच तर या मॉडेलची खासियत आहे. पंखा, मिक्सर, मशीन, मागची कुजबूज, सगळं मुळातच गाळून टाकतं."

आता कळलं घोडं कुठं पेंड खातंय ते. आमच्या घरात माझं मशीन आणि यांचं पुटपुटणं वेगळं कधी नव्हतंच. त्या शहाण्या माइकनं मशीन पुसलं आणि त्याच हातानं माणूसही पुसला.

सकाळी हे रक्त तपासायला गेले तशी मी राखाडी लॅपटॉप खोक्यात घातला, पिशवीत कोंबला आणि एकटीच दुकानात गेले. यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि माझ्याकडं नाही ऐकायला दिवस उरले नव्हते.

"बदलून तो काळा द्या," मी म्हटलं.

विक्रेत्याला वाटलं माझा गोंधळ झालाय. "मॅडम, लोक काळा परत करून राखाडी नेतात. काळ्याच्या माइकमध्ये फार कचरा येतो."

"मला तो कचराच हवाय."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग मी सांगून टाकलं. गाठ, ऑपरेशन, फलाट, मशीन, सगळं. आदल्या खेपेला जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता त्या काउंटरवर भडाभडा ओतलं, आणि मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं ऐकलं तरी मला लाज वाटली नाही. विक्रेत्याचं तुपातलं बोलणं थांबलं. त्यानं काळा लॅपटॉप उघडला, बाजूचा टेबलफॅन सुरू केला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडं तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलला आणि परत येऊन ते वाजवून पाहिलं. पंखा होता, आणि पंख्याच्या आत तो होता. "न्या," तो म्हणाला, आणि खोकं स्वतः दारापर्यंत घेऊन आला.

घरी लेक आलेली होती. तिनं काळा सुरू केला, राखाडीतली वाक्यं आधीच पेन ड्राइव्हवर काढून ठेवली होती ती आत टाकली, आणि माइक कसा चालतो ते बघायला रेकॉर्डिंग लावलं. मी मशीनवर बसून एका पँटची शिवण उसवत होते. तेवढ्यात हे आले. दंडावर सुई टोचल्याची पट्टी, चेहरा उतरलेला. टेबलाकडं बघितलं आणि दारातच थांबले.

"राखाडी कुठंय?"

"बदलला."

"बदलला म्हणजे?"

"बदलला म्हणजे बदलला. त्यात तुमचं पुटपुटणं येत नव्हतं."

"अगं, पण... आवाज माझा, घसा माझा, आणि परस्पर तू ठरवून मोकळी? तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला सगळं कळतं. तीस वर्षं मीच ऐकतेय."

"हा डबा आहे डबा! ह्याच्यात गल्लीतला कुत्रासुद्धा भुंकतो."

"भुंकू दे. तो रोजच भुंकतो."

"बस कर आता. डोकं खाऊ नकोस."

पण मी कसली बस करते? मी उठले, हातातली पँट खाली टाकली आणि विचारलं, की 'मला पाणी द्या' हे कुणासाठी भरलंत? मी काय प्रवासी आहे का, पिशव्या घेऊन बाकावर बसलेली? हेही पेटले. खुर्चीवर बसले, उठले, परत बसले. आवाज चढला तसा तो फाटायला लागला, आणि मग हे एकदम खाली आले. इतके खाली, की मशीन चालू असतं तर मलाच ऐकू आलं असतं, आणखी कुणाला नाही.

"तुला हा हवाय," हे म्हणाले. "हा घोगरा. अगं, हा रोगाचा आवाज आहे. ह्याच्यातच तर... डॉक्टरनं ह्याच्यातच ओळखलं. जायचाच आहे तर चांगला तरी मागं ठेवू दे मला. लोकांनी ऐकलेला. उद्या नातवंडं होतील, त्यांनी काय हे ऐकायचं?"

"नातवंडांना फलाट द्या," मी म्हटलं. "लोकांना द्या. मी लोक आहे का?"

यांनी दंडावरची पट्टी सोलून काढली. म्हणाले, "भीती वाटते गं." आणि मग, "राहू दे. चहा टाक."

मी चहा टाकायला गेले नाही. तेव्हा लेकीनं खालमानेनं सांगितलं, "बाबा, हे सगळं रेकॉर्ड झालंय. मी बंद करायला विसरले."

मला वाटलं हे आता पुसून टाक म्हणणार. हे म्हणाले, "लाव." लेकीनं लावलं. यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. कामावर नवा माणूस आला की त्याचा आवाज असाच ऐकतात, मान जराशी तिरकी करून. "शेवट खातोय माणूस," हे म्हणाले. "श्वास नाही. पट्टी नाही." मग माझ्याकडं वळले. "हाच हवाय?"

"हाच."

"घे मग," हे म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. त्याबद्दल मला फार सांगायचं नाही. यांना घरी आणलं तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यावर पातळ कापड, आणि श्वास तिथून यायचा-जायचा. लेकीनं काळ्या लॅपटॉपवर सगळं तयार ठेवलं होतं. डाव्या बाजूला फलाटाची वाक्यं, उजव्या बाजूला त्या भांडणाचे तुकडे, कापून, एकेका बटणाखाली.

यांनी उजवीकडं बोटही नेलं नाही. 'मला पाणी द्या' वाजायचं, मी पाणी द्यायची. 'औषधाची वेळ झाली' वाजायचं, मी औषध द्यायची. खणखणीत आवाज, आणि त्या आवाजापलीकडं बसलेला माणूस भिंतीकडं बघणारा. हळूहळू तेही कमी झालं. पाणी हवं असलं तरी मागेनात. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, की काही जण असे मिटून घेतात, धीर धरा. धीर माझ्याकडं कधीच फारसा नव्हता. मी रात्री कूस बदलून झोपायचे आणि मनात म्हणायचे, की गाठ काढली खरी, पण माणूस कुठं परत दिला?

मग एक दिवस सकाळी माझा तोल गेला. यांनी श्वासाचा व्यायाम केला नव्हता, गळ्यावरचं कापड कालचंच होतं, नाश्ता तसाच पडला होता. मी मशीनवर होते. पाय चालू, हात चालू, तोंडही चालू. मागं न बघता मी सगळं काढलं, आजारपणापासून ते लग्नात यांनी हट्टानं घातलेल्या कोटापर्यंत. माणसानं स्वतःची इतकी हेळसांड करावी का, बायकोनं काय काय बघायचं, लेकीनं किती खेपा घालायच्या, अशी गाडी सुटली ती सुटलीच.

"बस कर आता. डोकं खाऊ नकोस."

माझा पाय पायट्यावरच थिजला. मागून आला होता. खुर्चीच्या दिशेनं. घोगरा, निम्मा गिळलेला, आणि त्यात बाहेरचा कुत्रा भुंकत होता. मी हातातलं कापड तोंडाशी धरलं आणि रडले. यांना दिसू नये म्हणून मागं वळले नाही. मग नाक पुसलं आणि म्हटलं, "का करू बस? माझं काय चुकलं ते सांगा."

थोडा वेळ गेला. बोट बटण शोधत असणार. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला सगळं कळतं," मी म्हटलं, आणि मशीन परत सुरू केलं.

आता आमचं रोज चालतं. लेक म्हणते, आई, तू आजारी माणसाशी भांडतेस. ती पोर आहे, तिला काय सांगू. यांच्याकडं उत्तरं मोजकी आहेत, त्या एका दुपारी निघाली तेवढीच, आणि त्यात नवीन कधी भर पडणार नाही. म्हणून भांडण मलाच बेतून काढावं लागतं, उत्तराच्या मापाचं. 'तुला काय कळतंय' बसेल असं काहीतरी मी म्हणते, 'राहू दे' बसेल असं काहीतरी म्हणते. 'भीती वाटते गं' या बटणाच्या वाटेला मात्र मी कधी जात नाही. यांनी ते एकदा आपणहून दाबलं, तेव्हा मी मशीन थांबवून जवळ जाऊन बसले. एरवी मी आपली मशीनवर बसून बोलत असते, आणि हे मागं बटणावर बोट ठेवून माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघतात. बोलता येत होतं तेव्हा यांनी एकदाही ते पुरं होऊ दिलं नव्हतं.